टपाल घेऊन येणारा वैमानिक

पूर्वी पावसाळा तोंडावर आला, की रत्नागिरी बंदरात मुंबईहून येणाऱ्या आगबोटी बंद होत. समुद्र शांत होईपर्यंत ती वाट कोणी धरीत नसे. त्याच समुद्राच्या काठी, मुंबईजवळ जुहू येथे, पावसाळ्यात चिखलाने भरून जाणारे एक मैदान होते. पाऊस असो वा ऊन, या मार्गाचे टपाल ठरल्या वेळी पोचलेच पाहिजे, असा निर्धार एका तरुण वैमानिकाने केला. त्यांचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा.

जहांगीर यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील पारशी व आई फ्रेंच होती. उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्डेलो या गावी राही. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचे घर तेथेच होते. वाळूवर उतरणारी विमाने पाहताना बालक जहांगीर देहभान विसरे. आपणही उडावयाचे, हा ध्यास तेथेच जडला. पुढे १९२६ साली वडील वारले आणि संसाराचा व उद्योगाचा भार तरुण खांद्यांवर आला. परंतु तो ध्यास मावळला नाही. १९२९ च्या फेब्रुवारीत भारतात दिला गेलेला वैमानिकाचा पहिला परवाना त्यांच्या हाती पडला.

त्याच वर्षी आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केले. भारत व इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने विमानातून काटणाऱ्या पहिल्या भारतीयास ते मिळावयाचे होते. जहांगीर कराचीहून निघाले, तर सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमध्ये अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. इंजिनात ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग बिघडल्यामुळे अस्पी तेथे अडकून पडले होते. जहांगीर गप्प राहते, तर शर्यत त्यांचीच होती. परंतु त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अस्पी थोड्या तासांच्या फरकाने जिंकले. तेच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी पहाटे जहांगीर यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन उड्डाण केले. विमान होते एका इंजिनाचे, नाव पस मॉथ. मार्ग दाखविणारे बिनतारी यंत्र त्यात नव्हते. अहमदाबादेस इंधन घेऊन दुपारी ते जुहूस उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. भारताच्या हवाई वाहतुकीचा आरंभ झाला तो असा! पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. तेव्हा सारा तळ पुण्यास हलवीत, पण टपाल थांबू देत नसत. पहिल्या वर्षी त्यांच्या विमानांनी १,६०,००० मैल मजल मारली. १९३५ पासून ही विमाने मुंबईहून गोवामार्गे त्रिवेंद्रमलाही जाऊ लागली.

या इवल्या आरंभातूनच १९४६ साली एअर इंडिया उभी राहिली आणि १९४८ च्या जूनमध्ये तिचे विमान लंडनला पोचले. १९५३ साली सरकारने हवाई वाहतूक आपल्या ताब्यात घेतली. स्वतः उभारलेली संस्था हातची गेली, याचे जहांगीर यांना दुःख झाले. तरीही सरकारने बोलावताच त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि सुमारे पंचवीस वर्षे सांभाळले. विमानात धूळ दिसली, तर ती पुसावयास त्यांना कमीपणा वाटत नसे. १९७८ साली त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. तो घावही त्यांनी सोसला.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी त्या पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जहांगीर एका जुन्या, छोट्या विमानात एकटेच बसले आणि कराचीहून पुन्हा त्याच मार्गाने जुहूस उतरले. १९९२ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनीव्हा येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी स्थापिलेली संस्था २०२२ साली पुन्हा टाटा समूहाकडे आली. पण ते पाहावयास जहांगीर हयात नव्हते.

शर्यत हरूनही ते मोठे ठरले. कारण आपल्या पुढे जाणाऱ्याचे विमान अडून राहू नये, असे त्यांना वाटले.