परळमध्ये सापडला फॉलिक ॲसिडचा धागा: मुंबईतल्या गरोदर बायकांचं ताट तपासणाऱ्या डॉ. लुसी विल्स यांची गोष्ट

घरात कुणी गरोदर असेल, तर दोन गोळ्या हमखास ओळखीच्या होतात. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिडची छोटी गोळी आणि त्यानंतर 'रक्तवाढीची' लाल गोळी, म्हणजे लोह आणि फॉलिक ॲसिड एकत्र. सरकारी दवाखान्यात, उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे ती मोफत मिळते. कुणी नियमित घेतं, कुणी मळमळतं म्हणून डब्यात तशीच ठेवून देतं.

या गोळीतल्या फॉलिक ॲसिडचा शोध जिथून सुरू झाला, ती जागा मुंबईत आहे. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट. आणि तो सुरू करणाऱ्या डॉक्टरचं नाव होतं लुसी विल्स.

कोण होत्या लुसी विल्स?

लुसी यांचा जन्म १० मे १८८८ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड गावातला. घर सुखवस्तू होतं. वडिलांनी विज्ञानाचं शिक्षण घेतलेलं, तर आईचे वडील बर्मिंगहॅममधले नावाजलेले डॉक्टर. त्यामुळे मुलीने शिकावं की नाही, असा प्रश्नच घरात आला नाही.

१९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. विषय होते वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९११ मध्ये त्या परीक्षा पास झाल्या, पण पदवी मिळाली नाही. कारण तेव्हा केंब्रिज बायकांना परीक्षेला बसू द्यायचं, पदवी मात्र द्यायचं नाही. हा नियम बदलायला १९४८ साल उजाडलं.

त्याच वर्षी वडील वारले. दोन वर्षांनी मोठी बहीण गेली, वय अवघं २६. पुढे १९१४ मध्ये लुसी भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेल्या आणि त्या तिथे असतानाच पहिलं महायुद्ध सुरू झालं. भाऊ सैन्यात भरती झाला. लुसी काही आठवडे केपटाऊनच्या एका हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवक नर्स म्हणून राबल्या.

इंग्लंडला परतल्यावर, जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी 'लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर वुमन'मध्ये नाव घातलं. हे कॉलेज मराठी माणसाला अगदीच परकं नाही. मुंबईच्या डॉ. रखमाबाई १८८९ मध्ये डॉक्टरकी शिकायला गेल्या होत्या, त्या इथेच. १९२० मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी लुसी डॉक्टर झाल्या. पण दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात संशोधन आणि शिकवण्याचं काम धरलं.

मुंबईत नेमकं काय घडत होतं?

त्या काळात भारतात बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांची संख्या मोठी होती. त्यामागची कारणं शोधण्यासाठी हाफकिनमध्ये एक चौकशी सुरू झाली होती. भारतात अनेक वर्षं काम केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी त्यासाठी लुसी यांना बोलावलं. १९२८ मध्ये लुसी मुंबईत आल्या.

त्यांच्यासमोरचा आजार असा होता: गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाई पांढरीफटक पडायची, धाप लागायची, अंगात त्राण उरायचं नाही. रक्त इतकं कमी व्हायचं, की बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही जिवावर बेतायचा.

आता तुम्ही म्हणाल, हा तर ॲनिमिया, लोह द्यायचं की झालं. पण इथेच गोची होती. लोह कमी पडलं की रक्तातल्या लाल पेशी लहान आणि फिकट होतात. या बायकांच्या रक्तात मात्र लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत होत्या. म्हणजे हा ॲनिमिया वेगळा होता.

मोठ्या पेशींचा एक ॲनिमिया डॉक्टरांना आधीपासून माहीत होता, 'पर्निशियस ॲनिमिया'. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी तो रोज भरपूर लिव्हर, म्हणजे कलेजी खायला घालून बरा करून दाखवला होता. या कामासाठी त्यांना पुढे नोबेलही मिळालं. मग मुंबईतला आजारही तोच का? लक्षणं जुळत होती, पण सगळीच नाही. पर्निशियस ॲनिमियात मज्जातंतूंवर होणारा परिणाम या बायकांमध्ये दिसत नव्हता.

मग त्यांनी ताट बघितलं

लुसी यांनी आधी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. त्यातून काही हाती लागलं नाही. मग त्यांनी मोर्चा वळवला तो या बायका राहतात कशा आणि खातात काय, याकडे. हाफकिनमधून निघालेल्या त्यांच्या सुरुवातीच्या शोधनिबंधांवर एम. एम. मेहता आणि एस. एन. तळपदे या सहकाऱ्यांचीही नावं आहेत. त्यातला एक निबंध तर मुंबईतल्या बायकांचा आहार आणि राहणीमान यांच्या पाहणीचाच आहे.

पाहणीतून चित्र स्पष्ट झालं. आजार सगळ्यांना सारखा होत नव्हता. ज्यांच्या ताटात चांगलंचुंगलं होतं, त्यांना तो क्वचित व्हायचा. सर्वाधिक झळ बसत होती गरीब मुस्लिम बायकांना आणि त्यांचाच आहार सगळ्यात निकृष्ट होता, जीवनसत्त्वांच्या बाबतीत तर फारच.

म्हणजे प्रश्न गरिबीचा होता आणि तो रक्ताच्या थेंबात दिसत होता.

उंदीर, माकडं आणि मार्माइट

अंदाज बरोबर आहे का, हे तपासण्यासाठी लुसी यांनी उंदरांना या बायकांसारखाच आहार दिला. गाभण उंदरांना ॲनिमिया झाला आणि पिल्लं होण्याआधीच ते मेले. आहारात यीस्ट घातल्यावर मात्र त्यांना आजार झाला नाही. नंतर कळलं, की या उंदरांच्या ॲनिमियामागे उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूचाही हात होता. म्हणजे हा पुरावा कच्चा निघाला. त्यामुळे माकडांवरचे प्रयोग महत्त्वाचे ठरले. निकृष्ट आहारामुळे माकडांनाही मोठ्या पेशींचा ॲनिमिया झाला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा झाला.

हा अर्क म्हणजे मार्माइट. बिअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टपासून बनलेला, काळपट, चिकट आणि खारट पदार्थ. इंग्लंडमध्ये लोक तो पावाला लावून खातात. लिव्हरचा अर्क महाग होता, मार्माइट स्वस्त. गरीब पेशंटला परवडेल असं काहीतरी हवं होतं आणि ते थेट किराणा दुकानातच सापडलं.

मग मुंबईतल्या आजारी बायकांना मार्माइट देण्यात आलं. काही दिवसांतच त्यांच्या रक्तात नव्या लाल पेशी वाढू लागल्या. भूक परतली, अशक्तपणा ओसरला. १९३१ मध्ये लुसी यांनी हे निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडले.

औषध मिळालं, पण त्यात होतं काय?

हे मात्र लुसी यांनाही माहीत नव्हतं. मार्माइटमध्ये ब गटातली बरीच जीवनसत्त्वं असतात. त्यांनी एकेक वगळून पाहिलं, पण तेव्हा माहीत असलेल्या कशाशीच उत्तर जुळेना.

महत्त्वाचा धागा लिव्हरनेच दिला. या बायकांना लिव्हरचा साधा, कमी शुद्ध केलेला अर्क दिला तर गुण यायचा. खूप शुद्ध केलेला अर्क दिला तर नाही. पर्निशियस ॲनिमियाच्या पेशंटना मात्र तोच शुद्ध अर्क लागू पडायचा. याचा अर्थ लिव्हरमध्ये दोन वेगवेगळे घटक होते आणि शुद्ध करताना त्यातला एक निघून जात होता. या निसटणाऱ्या घटकाला पुढे 'विल्स फॅक्टर' म्हटलं जाऊ लागलं.

१९३३ मध्ये त्या लंडनला परतल्या. नोव्हेंबर १९३७ मध्ये याच कामासाठी त्या पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकिनमध्ये आल्या. या वेळी बोटीने नाही, तर विमानाने. साउदॅम्प्टनहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने ठिकठिकाणी थांबत पाच दिवसांत कराची आणि तिथून दुसऱ्या विमानाने मुंबई.

या घटकाची ओळख पटायला आणखी काही वर्षं गेली. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पालकाच्या पानांपासून एक पदार्थ वेगळा काढला. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रात जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. लिव्हरमधला दुसरा घटक, म्हणजे बी १२, १९४८ मध्ये हाती लागला.

शरीरात नवी पेशी तयार व्हायची, तर आधी डीएनएची नक्कल व्हावी लागते. त्यासाठी फॉलिक ॲसिड लागतं. ते कमी पडलं, की लाल पेशी नीट विभागत नाहीत, नुसत्याच फुगतात. गरोदरपणात बाळही वाढत असतं आणि आईचं रक्तही, त्यामुळे गरज वाढते. पालेभाज्या, डाळी, लिव्हर यात ते असतं, पण भाजी फार शिजवली की बरंचसं नष्ट होतं.

पुढचं आयुष्य

दुसऱ्या महायुद्धात लुसी लंडनमध्येच काम करत राहिल्या. जुलै १९४४ मध्ये त्यांच्या हॉस्पिटलवर जर्मनीचा उडता बॉम्ब पडला आणि काही जणांचा जीव गेला. पॅथॉलॉजी विभागाचं काम मात्र काही दिवसांतच पुन्हा सुरू झालं. गरोदर बायकांना सरसकट लोह दिल्याने काय फरक पडतो, याचाही अभ्यास त्यांनी केला. आजच्या लाल गोळीतले दोन्ही घटक असे त्यांच्या कामात सापडतात.

१९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी जाऊन त्यांनी पोषण आणि ॲनिमियाचा अभ्यास केला. लंडनमधल्या चेल्सीत त्या मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. लग्न केलं नाही. गाडीपेक्षा सायकल बरी वाटायची आणि डोंगर चढायची आवड होती. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचं निधन झालं. २०१९ मध्ये १० मे रोजी गुगलने त्यांच्यावर डूडल केलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

गोळी आहे, मग ॲनिमिया का आहे?

फॉलिक ॲसिडचा आणखी एक मोठा उपयोग लुसी यांच्या मृत्यूनंतर सिद्ध झाला. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा एक अभ्यास आला. आधीच्या बाळाच्या मेंदू किंवा मणक्यात जन्मजात दोष असलेल्या बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तर पुढच्या बाळात तो दोष येण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. बाळाचा मेंदू आणि मणका ज्यातून घडतो ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. तोवर अनेकींना आपण गरोदर आहोत हेही कळलेलं नसतं. म्हणूनच बाळाचा विचार सुरू झाला, की डॉक्टरांना विचारून ही गोळी आधीच सुरू करायला सांगतात.

भारतात गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचा सरकारी कार्यक्रम १९७० पासून सुरू आहे. सध्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा किमान १८० गोळ्या आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, असं प्रमाण आहे. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया असल्याचं दिसलं. कारणं अनेक आहेत. गोळी वेळेवर पोहोचत नाही, पोहोचली तर पूर्ण घेतली जात नाही आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईचं ताट अजूनही तसंच आहे.

लुसी विल्स यांचं संशोधन ज्या बायकांच्या रक्तातून उभं राहिलं, त्यांची नावं आज आपल्याला माहीत नाहीत. त्या काय खातात हे विचारल्यावर औषधाचा रस्ता सापडला होता. तुमच्या घरात कुणी गरोदर असेल, तर गोळी घेतली का, हे विचाराच. आज जेवणात काय होतं, हेही विचारा.