फ्रान्सिस डे

फ्रान्सिस डे (२ मार्च, इ.स. १८२९:मेअर्सफील्ड, ससेक्स, इंग्लंड - १० जुलै, इ.स. १८८९:चेल्टनहॅम, इंग्लंड) हे ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सक व मत्स्यशास्त्रज्ञ होते. भारतातील मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक म्हणून त्यांनी काम केले. नद्यांवरील बंधाऱ्यांमुळे स्थलांतर करणाऱ्या माशांची वाट अडते, हा प्रश्न भारतात सरकारदरबारी पद्धतशीरपणे मांडणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकी ते एक होत.

== प्रारंभिक कारकीर्द ==
लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेऊन डे १८५२मध्ये मद्रास इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. कोचीन येथील वास्तव्यात त्यांना माशांच्या अभ्यासाची गोडी लागली. त्यातून १८६५मध्ये मलबारच्या माशांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

== बंधारे आणि हिलसा ==
१८६७मध्ये सर आर्थर कॉटन यांनी नद्यांवरील बंधाऱ्यांमुळे किनाऱ्यावरील मासेमारीला हानी पोहोचण्याची शंका सरकारपुढे मांडली. कावेरी व गोदावरीवरील बंधाऱ्यांचे शिल्पकार स्वतः कॉटनच होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. चौकशीचे काम डे यांच्याकडे आले. मद्रास इलाख्यापासून सुरू झालेली ही पाहणी पुढे ओडिशा, बंगाल, ब्रह्मदेश व उत्तर भारतापर्यंत गेली.

हिलसा हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पावसाळ्यातील पुराबरोबर नदीत वर चढतो. कावेरीची शाखा असलेल्या कोलेरून (कोळ्ळिडम) नदीवरील बंधाऱ्यांनी ही वाट अडवली. बंधाऱ्याच्या तळाचे अरुंद दरवाजे उघडले, तरी त्यांतून येणाऱ्या प्रवाहाचा वेग माशांना पेलत नाही, हे डे यांनी दाखवून दिले. पायथ्याशी अडकून पडलेले मासे तेथेच मोठ्या प्रमाणावर पकडले जात. बंधाऱ्यांत मत्स्यमार्ग ठेवावेत, जाळ्याच्या आसाचा किमान आकार ठरवावा आणि पिल्लांची पकड थांबवावी, अशा शिफारशी त्यांनी केल्या. गोड्या पाण्यातील मासेमारीवरील त्यांचा अहवाल १८७३मध्ये प्रसिद्ध झाला.

या शिफारशींची अंमलबजावणी मात्र तुटपुंजी राहिली. १८९७च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने सुरुंग व विष वापरून मासे मारण्यास बंदी घातली. मत्स्यमार्गाची सक्ती त्यात नव्हती. पुढे कोलेरूनच्या खालच्या बंधाऱ्यावर मत्स्यमार्ग झाला, पण हिलशाला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. सामन माशाप्रमाणे उड्या मारत पायऱ्या चढणे हिलशाच्या स्वभावात नाही. १९३४मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाने पुराचे पाणी अडवल्यावर कावेरीतील हिलशाची मासेमारी आणखी रोडावली.

== ग्रंथ व संग्रह ==
'द फिशेस ऑफ इंडिया' (१८७५–७८) हा त्यांचा मुख्य ग्रंथ होय. भारतीय माशांच्या वर्गीकरणात त्याचा आधार आजही घेतला जातो. १८७७मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडला परतले. ब्रिटिश म्युझियममधील आल्बर्ट ग्युंटर यांच्याशी त्यांचे वितुष्ट होते. त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमने विकत घेतला. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतील माशांवरील त्यांचे दोन खंड १८८९मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, प्रसिद्ध झाले.