विमानातली बॅटरी संपली तरी इंजिन का थांबत नाही? गोष्ट रॉबर्ट बॉश यांची

ड्रिल मशीनवर किंवा स्पार्क प्लगच्या खोक्यावर बॉशचा लोगो बघितलाय ना? वर्तुळात एक वेगळीच आकृती दिसते. ती आहे मॅग्नेटोच्या आतल्या, तार गुंडाळायच्या लोखंडी गाभ्याची. बहुतेक लहान पेट्रोल विमानांच्या इंजिनाला आजही मॅग्नेटोच ठिणगी देतं.

खेड्यातला मुलगा

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ चा, जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक गावातला. बारा भावंडांत ते अकरावे. सूक्ष्म यंत्रांचं काम शिकून ते अमेरिकेला गेले, तिथे एडिसन यांच्या कंपनीत राबले. १८८६ मध्ये स्टुटगार्टला त्यांनी छोटं वर्कशॉप काढलं. सुरुवातीची वर्षं पैशांच्या ओढाताणीतच गेली.

१८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाने इंजिनासाठी मॅग्नेटो मागितलं. मॅग्नेटो आधीपासून होतं. बॉश यांनी ते सुधारलं. १८९७ मध्ये ते वेगाने फिरणाऱ्या गाडीच्या इंजिनावर बसलं. १९०२ मध्ये त्यांचे इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी हाय व्होल्टेज मॅग्नेटो बनवलं आणि धंदा सुसाट निघाला. १९०६ मध्ये बॉश यांनी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला.

यात खास काय?

मॅग्नेटोला बॅटरी लागतच नाही. इंजिन फिरलं की आतलं चुंबक फिरतं, तारेच्या गुंडाळीत वीज तयार होते आणि ठिणगी पडते. जुनी लुना बॅटरीशिवाय सुरू व्हायची, ती याच तत्त्वावर.

१९१३ मध्ये बॉश यांच्या कंपनीने गाडीच्या दिव्यांचा पूर्ण संच आणला: डायनॅमो, बॅटरी, हेडलाइट आणि रेग्युलेटर. पुढे १९२५ पासून मोटारींसाठी बॅटरीवरचं इग्निशनही विकलं. मोटारींनी हळूहळू मॅग्नेटो सोडलं. लहान विमानांनी सोडलं नाही.

रेग्युलेटर बिघडला तर?

सेसना १७२ सारख्या विमानात दोन मॅग्नेटो असतात. एक बंद पडलं तर दुसरं असतंच. रेडिओ, दिवे आणि बॅटरीचं चार्जिंग अल्टरनेटरवर चालतं. इंजिनाचा वेग कमी-जास्त झाला तरी व्होल्टेज ठरावीक ठेवायचं, हे व्होल्टेज रेग्युलेटरचं काम. त्याने दगा दिला तर दोन गोष्टी होऊ शकतात. व्होल्टेज पडलं तर बॅटरी उतरत जाते आणि रेडिओ मुका होतो. वाढलं तर उपकरणं जळू शकतात, म्हणून जादा व्होल्टेज आलं की अल्टरनेटर तोडणारं संरक्षण दिलेलं असतं. पायलट नको ती उपकरणं बंद करून जवळचं विमानतळ गाठतो. तोवर पंखा फिरतच राहतो, कारण ठिणगीचा या सगळ्याशी संबंधच नाही.

याची दुसरी बाजूही आहे. मॅग्नेटो बंद करणारी वायर तुटली असेल, तर चावी बंद असतानाही हाताने पंखा फिरवल्यावर इंजिन पेटू शकतं. म्हणून उभ्या विमानाच्या पंख्याला उगाच हात लावायचा नसतो. आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या इंजिनांना सतत वीज लागते, त्यामुळे तिथे विजेचीही पर्यायी सोय ठेवावी लागते.

शेवट

बॉश हिटलरच्या विरोधात होते. छळ झालेल्या ज्यूंना त्यांनी मदत केली. तरी दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याच कंपनीने हजारो लोकांकडून सक्तीने काम करून घेतलं, हेही तितकंच खरं. १२ मार्च १९४२ रोजी स्टुटगार्टमध्ये त्यांचं निधन झालं. आज लहान विमानाचा पायलट उड्डाणाआधी दोन्ही मॅग्नेटो एकेक करून तपासतो, मगच धावपट्टीवर येतो.