पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि हिंदी गाण्यातला जॅझ: नेमकं काय घडलं होतं?

जॅझचे चाहते सध्या काय ऐकताय असं एकमेकांना विचारतात, तेव्हा ठरलेली नावं येतात. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', डेव्ह ब्रुबेकचा 'टाइम आउट'. दोन्ही अल्बम १९५९चे. त्याच्या आठ वर्षं आधी मुंबईत एक हिंदी चित्रपट आला होता. त्याच्या गाण्यांत ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन जोरात वाजत होते आणि त्यांना चाल देणारा माणूस आपल्या जिल्ह्यातला होता. चित्रपट 'अलबेला' (१९५१), संगीतकार सी. रामचंद्र.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८चा, पुणतांब्याचा. हे गाव आज राहाता तालुक्यात आहे. चांगदेवांची समाधी आणि २०१७चा शेतकरी संप यासाठी ते सगळ्यांना माहीत आहे, पण या तिसऱ्या ओळखीची चर्चा कमी होते.

शिक्षण जॅझचं नव्हतंच

त्यांनी गाणं शिकलं ते गांधर्व महाविद्यालयात, विनायकबुवा पटवर्धनांकडे. म्हणजे पक्कं शास्त्रीय. मुळात त्यांना नट व्हायचं होतं. 'नागानंद' चित्रपटात नायकाचं काम मिळालं, पण चित्रपट चालला नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये छोट्या भूमिका आणि संगीत विभागात बुंदू खाँ, हबीब खाँ यांच्या साथीला हार्मोनियम. स्वतंत्र संगीतकार म्हणून सुरुवात झाली ती चक्क तमिळ चित्रपटांतून. हिंदीत दार उघडलं भगवानदादांनी, १९४२च्या 'सुखी जीवन'मध्ये. ही जोडी पुढे बरीच वर्षं टिकली.

पडद्यावर संगीतकाराचं नाव सी. रामचंद्र, गायकाचं नाव चितळकर, आणि ओळखीच्यांसाठी अण्णा. एकाच माणसाची ही वेगवेगळी नावं आजही अ‍ॅपवर गोंधळ घालतात. गाणी शोधताना 'चितळकर' हेही टाइप करून बघा.

मग जॅझ आला कुठून?

गोव्यातून, ताजमहाल हॉटेलच्या वाटेने. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य नोटेशन लहानपणीच शिकवलं जायचं. ही मुलं मुंबईत आली आणि हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली. १९३०च्या दशकात ताजमध्ये लिऑन अ‍ॅबे, टेडी वेदरफोर्ड असे अमेरिकन कृष्णवर्णीय कलाकार वाजवायचे. त्यांच्याकडून जॅझ गोवेकरांनी उचलला. पण हॉटेलच्या कमाईवर घर चालणं अवघड होतं. त्यात १९४९चा दारूबंदी कायदा आला. फिल्म स्टुडिओतलं रेकॉर्डिंग हा मोठा आधार ठरला.

याच मंडळींतले एक म्हणजे आल्दोनाचे आंतोनियो झेवियर वाझ, अर्थात चिक चॉकलेट. लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगात ट्रम्पेट वाजवणारे म्हणून त्यांची ख्याती होती. ते रामचंद्रांचे सहायक झाले.

काम साधारण असं चालायचं: संगीतकार हार्मोनियमवर चाल सांगणार, गोवेकर अरेंजर ती नोटेशनमध्ये उतरवणार आणि कोणतं वाद्य कुठे वाजेल ते ठरवणार. (इंजिनीअरिंग केलेल्यांना सर्किट डायग्राम आठवेल.) चित्रपटाच्या जाहिरातीत मात्र नाव एकाचंच. सुरावट रामचंद्रांची, पण जी झिंग आपण ऐकतो तिच्यात चिकसारख्यांचा मोठा वाटा आहे, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची नावं आज कुणालाच सांगता येत नाहीत.

'स्विंग' म्हणजे काय, हे 'शोला जो भडके' ऐकून समजतं का? थोडंफार. स्विंगमध्ये एका ठोक्याचे दोन सारखे भाग पडत नाहीत. पहिला लांबतो, दुसरा आखडतो, म्हणून पाय आपोआप हलतो. या गाण्यात बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन अशी फौज आहे, आणि आवाज लता मंगेशकर व स्वतः चितळकरांचा. त्याआधी 'शहनाई'मध्ये (१९४७) त्यांनी गाण्यात शिट्टी वापरली होती. 'शिनशिनाकी बूबला बू'मध्ये (१९५२) अर्थहीन अक्षरांनी गायचा जॅझमधला 'स्कॅट' प्रकार आणला. 'आशा'मधलं (१९५७) 'ईना मीना डीका' त्याच वाटेवरचं. ते जॅझपेक्षा रॉक अँड रोलकडे झुकतं, हेही खरं. त्याच्या बोलांत 'मला नको' या अर्थाचे कोकणी शब्द सापडतात. वादक कुठले होते, याचा तो पुरावाच.

नक्कल केली का? कधी कधी, हो. 'समाधी'तलं (१९५०) 'गोरे गोरे' हे 'चिको चिको' या परदेशी लॅटिन गाण्यावर बेतलेलं आहे. पण फक्त उचलेगिरी करणाऱ्याला 'अनारकली'ची (१९५३) गाणी सुचली नसती. तिथे ब्रास नाही, पटवर्धनबुवांची तालीम आहे. आमच्या मते त्यांची खरी कमाल ही की दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दशकात केल्या.

पुढे लतादीदींशी दुरावा आला, चित्रपट कमी झाले. २७ जानेवारी १९६३ला दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लतादीदींनी 'ऐ मेरे वतन के लोगो' गायलं. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल रामचंद्रांची. आज अनेकांना त्यांचं एवढंच एक गाणं माहीत असतं. नंतर त्यांनी 'घरकुल' (१९७०) हा मराठी चित्रपट काढला, 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहिलं. ५ जानेवारी १९८२ला मुंबईत त्यांचं निधन झालं. चिक १९६७मध्येच गेले होते.

दोघांना एकत्र अनुभवायचं असेल तर 'अलबेला'तलं 'दिवाना परवाना' हे गाणं ऐकू नका, बघा. झालरीचे कपडे घालून पडद्यावर वाजवणारा तो बँड चिक चॉकलेट यांचाच आहे.