मांद्रेचे भाऊ दाजी आणि सरकारी तिजोरीची किल्ली

पेडणे महालातील मांद्रे गावात १८२२ साली रामकृष्ण विठ्ठल लाड यांचा जन्म झाला. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड या नावाने ते साऱ्या मुंबई इलाख्याला परिचित झाले. भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय १९७५ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते. कवी कालिदासाचा काळ आणि प्राचीन शिलालेख यांवरील त्यांच्या संशोधनाचा उल्लेख अभ्यासक आजही आदराने करतात. परंतु भाऊ दाजी मुळात डॉक्टर होते. त्यांच्या डॉक्टर होण्यामागे जशी त्यांची बुद्धी होती, तसाच सरकारच्या धोरणातील एक महत्त्वाचा बदलही होता.

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आले. नव्या काबिजादीतील या मुलुखात त्या काळी आधुनिक शिक्षणाची सोय जवळपास नव्हतीच. पणजीत वैद्यकीय विद्यालय सुरू झाले ते १८४२ साली, आणि तेथील शिक्षणाची भाषा पोर्तुगीज होती. मराठी वातावरणात वाढलेल्या पेडण्यातील मुलाला पणजीपेक्षा मुंबईच जवळची वाटावी, अशी ही स्थिती होती. रामकृष्ण दहाएक वर्षांचा असताना वडील कुटुंबासह मुंबईस गेले. बुद्धिबळातील त्याची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने मुलाला इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह वडिलांकडे धरला, अशी आख्यायिका आहे. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण घेऊन भाऊ तेथेच अध्यापक झाले. कच्छ-काठियावाडातील बालिकाहत्येवरील त्यांच्या निबंधाला पारितोषिकही मिळाले.

अध्यापकाची प्रतिष्ठित नोकरी हाती होती, तरी त्यांची ओढ वैद्यकाकडे होती. ती पुरी होणे मात्र त्यांच्या एकट्याच्या हाती नव्हते. मुंबईत १८२६ साली सरकारने देशी विद्यार्थ्यांसाठी एक वैद्यकीय शाळा काढली होती. डॉ. जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख होते आणि शिक्षण देशी भाषांतून दिले जात असे. अवघ्या सहा वर्षांत, १८३२ साली, सरकारने ती बंद केली. लाड कुटुंब मुंबईस आले ते याच सुमारास. त्यानंतर तेरा वर्षे मुंबईत आधुनिक वैद्यक शिकण्याची रीतसर सोय उरली नाही. या काळात ज्या तरुणांची उमेद सरून गेली, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

हे चित्र पालटले ते गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या पुढाकाराने. वैद्यकीय महाविद्यालयाची योजना त्यांनी नेटाने पुढे रेटली. पण १८३८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ नागरिकांनी वर्गणी जमवली आणि सरकारनेही आपला वाटा उचलला. शेठ जमशेटजी जीजीभाई यांनी इस्पितळासाठी एक लाख रुपये देऊ केले, ते सरकारने तेवढीच रक्कम घालावी या अटीवर. दानशूर शेटजींनी ही अट विचारपूर्वक घातली होती. देणगीतून इमारत उभी राहते. अध्यापकांचा पगार, औषधे आणि खाटांवरील रुग्णांचा खर्च वर्षानुवर्षे चालवायला मात्र सरकारी तिजोरीच लागते. १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्या शेजारी जे. जे. इस्पितळ सुरू झाले. शिकणारा विद्यार्थी आणि उपचार घेणारा रुग्ण एकाच आवारात आले.

भाऊ दाजींनी अध्यापकाची नोकरी सोडून या महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि ते पुन्हा विद्यार्थी झाले. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही त्याच मार्गाने डॉक्टर झाले. दोघा बंधूंनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. प्राचीन संस्कृत वैद्यकग्रंथांतील औषधांची भाऊंनी प्रत्यक्ष रुग्णांवर पारख केली आणि कुष्ठरोगावर कडू कवठीच्या तेलाचा उपयोग करून पाहिला. ज्या खर्चाच्या बळावर ते शिकले, त्याची परतफेड मुंबईला अशी होत राहिली.

सरकारी धोरणाचे मोल त्यांनी स्वतः अनुभवले होते, म्हणून सार्वजनिक जीवनातही तो विषय त्यांनी सोडला नाही. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे पाठवलेल्या अर्जात शिक्षणावरील तुटपुंज्या खर्चाची तक्रार होती. भाऊ दाजी शिक्षण मंडळाचे सदस्य झाले आणि १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या आरंभीच्या फेलोंत त्यांचा समावेश झाला. मुलींच्या शिक्षणाला त्यांनी हिरिरीने पाठिंबा दिला आणि एका कन्याशाळेला त्यांचे नाव मिळाले.

तरीही एक दालन त्यांच्या हयातीत बंदच राहिले. जे. जे. इस्पितळात डॉक्टर घडत होते. पण रुग्णाच्या उशाशी रात्र काढणारी प्रशिक्षित भारतीय परिचारिका तेथे नव्हती. ग्रँट महाविद्यालयाने स्त्रियांना प्रवेश दिला तो १८८३ साली. परिचर्येच्या प्रशिक्षणासाठी मुंबईत आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून काशीबाई गणपत यांचे नाव घेतले जाते, ते वर्ष १८९१. डॉक्टरांच्या पहिल्या तुकडीला तोवर चाळीस वर्षे झाली होती. मुलींच्या शाळा आधी निघाल्या, म्हणूनच पुढे हे दार उघडणे शक्य झाले.

भाऊ दाजींचा उत्तरकाळ कष्टाचा गेला. १८६५ सालच्या शेअर बाजाराच्या पडझडीत त्यांची संपत्ती बुडाली आणि दिवाळखोरी पत्करावी लागली. तरीही मुंबईने १८६९ आणि १८७१ असे दोनदा त्यांना शेरीफपदाचा मान दिला. अखेरीस पक्षाघाताने त्यांना गाठले आणि ३१ मे १८७४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

मुक्तीनंतर पणजीचे जुने वैद्यकीय विद्यालय १९६३ साली गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. आज पेडणे आणि डिचोलीच्या मुलींना परिचारिका होण्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. बांबोळीला शासकीय संस्था आहे. परंतु जुना प्रश्न मिटलेला नाही. तुये येथे नवे इस्पितळ उभारण्यात आले आणि ते गोमेकॉशी जोडावे, ही मागणी पेडणेकरांनी लावून धरली. इमारत झाली की काम संपले, असे मानणाऱ्यांनी जमशेटजींची अट आठवावी. शिकवणारे आणि शिकणारे इस्पितळात नसतील, तर खाटा असूनही परिचारिका घडत नाहीत. मांद्रेहून तुये हाकेच्या अंतरावर आहे. शिकण्यासाठी ज्या गावच्या मुलाला मुलूख सोडावा लागला, त्याच गावच्या मुलींना घराजवळ शिकता यावे, यासाठी सरकारने दरवर्षीच्या खर्चाची जबाबदारी घ्यायला हवी.