पदव्यांच्या मधली वर्षं

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावापुढच्या पदव्या आपल्याला पाठ असतात. मला मात्र त्या पदव्यांच्या मधली वर्षं जास्त जवळची वाटतात. एम.ए.ला आल्यापासून फेलोशिप, गाईड आणि थिसिस हेच शब्द सारखे कानावर पडतात, म्हणूनही असेल.

बाबासाहेब जन्मले ते आपल्याच मध्य प्रदेशात, महूला, १४ एप्रिल १८९१ रोजी. वडील रामजी लष्करात सुभेदार होते. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ मध्ये एम.ए. झाले. पुढच्या वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तकं बोटीसकट बुडाली. बडोद्यात नोकरी होती, पण जातीमुळे राहायला कुणी जागा देईना.

मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी उसने दिले. १९२० मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठलं. सकाळी जेमतेम नाश्ता, दिवसभर ग्रंथालय, आणि रात्री भूक लागली की पापडावर भागवायचं. १९२१ मध्ये एम.एस्सी. झालं. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. तोवर पैसे संपले होते. १९२३ मध्ये ते मुंबईला आले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला, लंडनला पाठवला, आणि पदवी मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर मिळायला तर १९२७ उजाडलं.

आपण त्यांची बुद्धिमत्ता सांगतो, ते खरंच आहे. पण परत आलेला प्रबंध पुन्हा लिहायला बसणं, हे नुसत्या बुद्धीचं काम नाही. त्याला चिवटपणा लागतो, आणि मागे घर सांभाळणारं माणूसही लागतं. ते परदेशात असताना मुंबईत तुटपुंज्या पैशांत संसार रमाबाईंनी ओढला. पदवीच्या कागदावर एकच नाव छापतात. आपल्या घरीही अशी नावं असतील. थिसिसच्या ऋणनिर्देशात त्यांना गाईडच्या आधी जागा द्यावी, असं मला वाटतं.