बकाल वस्तीत फुले लावणारा प्राध्यापक

नागोठणे : अंबा नदीच्या काठी वसलेल्या नागोठण्याला पूर नवा नाही. जुलै १९८९ च्या महापुराचा तडाखा जुन्या मंडळींच्या स्मरणातून अद्याप गेलेला नाही आणि त्यानंतरही अनेक पावसाळ्यांत नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले आहे. पाणी ओसरले की घरोघरचा गाळ उपसला जातो, दुकाने धुऊन निघतात. परंतु दोन घरांमधली बोळ, नदीकडची मागची बाजू, पडलेल्या वाड्याचा चौथरा अशा जागांचा गाळ कोणी काढायचा, हा प्रश्न कोकणातील नदीकाठच्या कोणत्याही गावात दरवर्षी उभा राहतो. जी जागा कोणाचीच नसते, तिचा यथावकाश उकिरडा होतो.

अशा बेवारस तुकड्यांतच शहराचे आरोग्य दडलेले असते, असे मानून आयुष्य वेचणारा एक स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ शंभर वर्षांपूर्वी मुंबईत प्राध्यापक होता. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. नगररचनेच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. पण ते मूळचे ना अभियंता होते, ना वास्तुविशारद. झाडे कशी वाढतात हे पाहता पाहता ते शहरांकडे वळले आणि अखेरपर्यंत शहराकडे त्यांनी माळ्याच्याच नजरेने पाहिले.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. वडील सैन्यात होते. पर्थ गावाजवळील घराच्या बागेत मुलाला मातीची गोडी लागली ती त्यांच्यामुळेच. पुढे लंडनमध्ये थॉमस हक्सली यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे धडे घेतले. संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असता डोळ्यांचा गंभीर विकार जडला आणि कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परतली, तरी सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणे यापुढे शक्य नव्हते. प्रयोगशाळेचा दरवाजा असा अर्धा मिटला आणि गेडिस रस्त्यावर आले. नगररचनेच्या दृष्टीने ही इष्टापत्तीच म्हणावी लागेल.

१८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एडिनबरा शहराचा जुना भाग त्या काळी पार रया गेलेला होता. सुखवस्तू कुटुंबे केव्हाच नव्या, रुंद रस्त्यांच्या वस्तीत राहायला गेली होती. मागे उरल्या त्या उंचच उंच जुन्या इमारती, अंधारे चौक आणि एकेका खोलीत दाटीने राहणारी गरीब कुटुंबे. गेडिस दांपत्याने आपला संसार याच भागातील जेम्स कोर्ट या चाळवजा इमारतीत थाटला. समाजसेवा म्हणून दुपारी येऊन संध्याकाळी परतणारे पाहुणे त्या वस्तीने बरेच पाहिले असतील. हे जोडपे मात्र शेजारी म्हणून आले. त्यांनी स्वतः चौक झाडला, भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलांच्या पेट्या ठेवल्या. शेजाऱ्यांनाही हाताशी घेतले. एका खिडकीत फुले दिसू लागली की समोरची खिडकी ओकीबोकी वाटू लागते, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

हे काम पुढे वाढत गेले. गेडिस यांनी १८९२ मध्ये एडिनबरातील आउटलुक टॉवर ताब्यात घेऊन तेथे शहराच्या अभ्यासाचे केंद्र उभारले. या केंद्राच्या मोकळ्या जागांविषयीच्या समितीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जुन्या शहराची गल्लीबोळांतून पाहणी केली, तेव्हा सुमारे ७५ पडीक जागा आढळल्या. सर्वांचे क्षेत्रफळ मिळून भरले सुमारे १० एकर. जिथे श्वास घ्यायला जागा नाही अशी ओरड होती, त्याच वस्तीत १० एकर जमीन कचऱ्याखाली पडून होती. यातील काही तुकड्यांवर गेडिस यांच्या कन्या नोरा यांनी बागा आखल्या. वस्तीतील मुलांनी तेथे खेळावे, माती उकरावी, रोपे लावावीत अशी त्यामागची कल्पना होती. वेस्ट पोर्ट भागातील त्यांची बाग त्यांपैकीच एक.

गेडिस १८८८ पासून १९१९ पर्यंत डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथे वर्षातील थोडेच महिने शिकवावे लागे. उरलेला काळ शहरांसाठी मोकळा होता. १९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. नगररचनेचे त्यांचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते, ते जर्मनांच्या एम्डन या युद्धनौकेने बुडवले. वर्षानुवर्षे जमवलेले नकाशे आणि चित्रे समुद्रात गेली. मित्रांनी धावपळ करून नवा संग्रह पाठवला आणि काम सुरू राहिले.

भारतातील शहरसुधारणेची तेव्हाची रीत मुंबईकरांनी चांगलीच अनुभवली होती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्यांतून सरळ रेषेत रस्ते काढले जाऊ लागले. घरे पाडली की माणसे शेजारच्या वस्तीत शिरत आणि तेथील दाटी वाढे. गेडिस यांनी या पद्धतीवर कडाडून टीका केली. ते नकाशा घेऊन गल्लीत उतरत, घरामागून घर पाहत. पार मोडकळीला आलेली मोजकी घरे काढायची, त्या जागेत लहानसा चौक करायचा, एखादे झाड लावायचे, जुनी विहीर वा तळे राखायचे, अशी त्यांची उपाययोजना असे. त्यासाठी त्यांनी शस्त्रक्रियेची उपमा वापरली. पण ही शस्त्रक्रिया अवयव तोडणारी नव्हे, राखणारी होती. तंजावरमध्ये हाच मार्ग नियोजित नव्या रस्त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल, हे त्यांनी आकडेमोड करून दाखवले. १९१५ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातील ज्या शहरांचे अहवाल तयार केले, त्यांत आपले ठाणेही होते.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी भयंकर ठरले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा अ‍ॅलसडेअर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. अ‍ॅना त्या वेळी भारतातच आजारी होत्या. मुलगा गेल्याची बातमी गेडिस यांनी त्यांना कळू दिली नाही. जून महिन्यात अ‍ॅनाही गेल्या. जेम्स कोर्टचा चौक त्यांच्यासोबत झाडणारी, पुढे प्रत्येक शहरात सोबत असणारी व्यक्ती राहिली नाही.

इंदूरचे काम या घावाच्या सावलीत झाले. होळकरांच्या या मराठी संस्थानात तुकोजीराव तिसरे यांची कारकीर्द होती आणि शहरात प्लेगची दहशत होती. गेडिस गल्लीबोळांतून नकाशे घेऊन हिंडत असता लोक त्यांच्याकडे भीतीने पाहत. हा साहेब घर पाडायला आला आहे, अशी समजूत पसरली होती. ती दूर करण्यासाठी त्यांनी एका दिवसापुरता शहराचा कारभार मागून घेतला आणि दिवाळीला मिरवणूक काढायचे ठरवले. मिरवणुकीचा नेहमीचा मार्ग त्यांनी रद्द केला. जो भाग सर्वात जास्त स्वच्छ होईल, जेथील घरांची डागडुजी होईल, त्याच भागातून मिरवणूक जाईल अशी दवंडी पिटली. कचरा फुकट उचलून नेण्याची व्यवस्था केली. पाहता पाहता घरांतून आणि अंगणांतून हजारो गाड्या कचरा बाहेर पडला, उंदीर पकडले गेले, भिंती रंगल्या.

मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, रावण होता आणि प्लेगचा प्रचंड उंदीरही होता. त्यांच्यामागून शहराचे सफाई कामगार पांढऱ्याशुभ्र पोशाखात आले. त्यांच्या झाडूंना फुले बांधलेली होती, कचऱ्याच्या गाड्या नव्याने रंगवलेल्या आणि बैलांची शिंगे रंगीत होती. या कामगारांना गेडिस यांनी सर्वांसमक्ष फुले दिली. मागून गवंडी, कुंभार आदी कारागीर आणि पुढे होणाऱ्या बागांचे देखावे होते. घरोघरी लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटण्यात आली. शेवटी रावण आणि उंदीर जाळले गेले.

या दिवाळीची हकीकत आपल्याला प्रामुख्याने गेडिस यांच्याच तोंडून कळलेली आहे, हे लक्षात ठेवलेले बरे. प्लेग पुढे ओसरला, पण त्याचा हंगामही सरत आला होता. शिवाय ज्या सफाई कामगारांना त्या दिवशी हारतुरे मिळाले, त्यांच्या हाती दुसऱ्या दिवशी तोच झाडू आणि वाट्याला तीच अस्पृश्यता होती. एका मिरवणुकीने जात मोडत नाही. तरीही तुळशीची निवड दाद देण्याजोगी वाटते. परदेशातून आणलेले फुलझाड चार दिवसांत सुकले असते. तुळशीला रोज सकाळी पाणी घालणारे हात मात्र घरात आधीच होते.

इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. खान आणि सरस्वती या नद्यांकडे शहराने पाठ फिरवल्याची खंत त्यात आहे. नदीकाठ साफ करून तेथे बागा कराव्यात, सांडपाणी आणि मैला वाया न घालवता त्यांवर बागा पोसाव्यात, महागड्या भुयारी गटारांवर सारी भिस्त ठेवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. अभियंत्यांना ते फारसे रुचले नाही. इंदूरने २०१७ पासून देशातील सर्वात स्वच्छ शहराचा मान सलग अनेक वर्षे मिळवला. त्याच शहरातील या दोन नद्यांनी मात्र त्याआधी कित्येक दशके नाल्याचे रूप धारण केले होते.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा नवा विभाग सुरू केला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांनी शहर पायी हिंडून पाहावे, हा त्यांचा आग्रह असे. मालवणचे सुपुत्र डॉ. गो. स. घुर्ये यांना परदेशी शिक्षणासाठी पाठवण्यात त्यांचा वाटा होता. प्रकृतीच्या कारणाने गेडिस यांनी १९२४ मध्ये मुंबई सोडली, तेव्हा विभागाची धुरा घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये पुढे भारतीय समाजशास्त्राचे अध्वर्यू ठरले. मात्र त्यांची वाट ग्रंथालयाची होती, गुरूची चौक झाडण्याची नव्हे.

दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे गेडिस यांनी अखेरची वर्षे काढली. खडकाळ टेकडीवर विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधले आणि भोवती बाग फुलवली. १९१२ मध्ये नाकारलेला सर हा किताब त्यांनी १९३२ च्या प्रारंभी स्वीकारला. त्यानंतर काही आठवड्यांतच, १७ एप्रिल १९३२ रोजी, त्याच टेकडीवर त्यांचे निधन झाले.